अपेक्षा आणि अट

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. परक्या मुलखात स्थायिक झालेल्याने तिथली भाषा शिकावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ वर्षानुवर्षे तयार होते : शिकावीच. महाराष्ट्रात येणाऱ्याने मराठी, अमेरिकेत जाणाऱ्याने इंग्रजी. न्याय सर्वांना सारखा. हे उत्तर किती स्वस्त होते, हे आम्हांला आत्यामुळे कळले.

आत्या २००६ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, लेकीकडे न्यू जर्सीला कायमची राहायला गेली. शिक्षण सातवीपर्यंत. ज्ञानेश्वरीचे वाचन रोजचे, इंग्रजीशी मात्र ओळखही नाही. २००९ साली तिच्या पित्ताशयात खडे निघाले. तपासणीच्या दिवशी जावई गाडी लावायला गेले आणि तेवढ्यात डॉक्टरांनी बोलायला सुरुवात केली. सोबत होता दहा वर्षांचा नातू. डॉक्टर शस्त्रक्रियेतले धोके एकेक करून सांगत होते आणि तो मोडक्यातोडक्या मराठीत आजीला म्हणत होता, “काही नाही होणार, आजी.” पुढे सारे सुखरूप पार पडले. पण त्या रात्री आत्या फोनवर म्हणाली, “अगं, माझ्या दुखण्याचं ओझं मी त्या पोरावर टाकलं.”

त्यानंतर ती गावच्या सार्वजनिक वाचनालयातल्या विनामूल्य इंग्रजी वर्गाला जाऊ लागली. तिला तशी सक्ती कुणी केली नव्हती.

या निमित्ताने आम्ही तिथल्या कायद्यांचे थोडे वाचन केले. नागरिकत्वासाठी इंग्रजी बोलता येण्याची अट अमेरिकेत १९०६ च्या कायद्याने आली; लिहिता-वाचता येण्याची १९५० साली. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनविरोधी लाटेत, १९१९ साली, नेब्रास्का राज्याने आठवी उत्तीर्ण न झालेल्या मुलांना इंग्रजीखेरीज अन्य आधुनिक भाषा शिकवणे हा गुन्हा ठरवला. रॉबर्ट मेयर या शिक्षकाला एका दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवल्याबद्दल दंड झाला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. सर्व नागरिकांची एक समान भाषा असणे इष्ट असेल. पण त्यासाठी घटनेशी विसंगत मार्गाने सक्ती करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. १९७४ साली सान फ्रान्सिस्कोतील चिनी मुलांच्या खटल्यात याच न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले : न समजणाऱ्या भाषेत सर्वांना तीच पुस्तके आणि तेच शिक्षक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. पहिला निकाल सक्तीला मर्यादा घालतो. दुसरा शिकवण्याची जबाबदारी यजमानावर टाकतो.

दवाखान्यातही आणीबाणी वगळता अल्पवयीन मुलावर दुभाष्याचे काम टाकू नये, असा नियम २०१६ साली झाला. आत्यासाठी त्याला सात वर्षे उशीरच झाला! उलट, १ मार्च २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा ठरवले आणि इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सेवा मिळाव्यात म्हणून २००० साली निघालेला आदेश मागे घेतला. भाषिक मदत द्यायची की नाही, हे आता खात्याखात्याच्या मर्जीवर आले.

पंचावन्न वर्षे पूर्ण झालेल्या आणि कायम रहिवासी म्हणून पंधरा वर्षे काढलेल्या अर्जदाराला इंग्रजीची परीक्षा माफ असते. नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा दुभाष्यामार्फत स्वभाषेत देता येते. आत्याने २०२२ साली ती मराठीत दिली. आम्ही किंचित हिरमुसलो. इतकी वर्षे वर्गाला जाऊन मराठीत? ती म्हणाली, “इंग्रजी मी पोरासाठी शिकले, साहेबासाठी नाही.”

तेव्हा आम्हांला अपेक्षा आणि अट यांतला फरक उमगला. भाषा यावी ही अपेक्षा रास्तच आहे. भाषेवाचून माणूस आपल्याच आयुष्यात दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. परंतु भाषा येईपर्यंत औषध, न्याय, शाळा अडवून धरणे ही अपेक्षा नव्हे, ती शिक्षा झाली. आणि जो अपेक्षा करतो, त्याने शिकवायलाही बसले पाहिजे.

इथे आमचीच पंचाईत झाली. आमच्या इमारतीचे रखवालदार नेपाळचे. “अहो, इतकी वर्षं झाली, वहिनींना मराठी कसं येत नाही?” असे त्यांना आम्ही अनेकदा विचारले होते. मागच्या पावसाळ्यात औषधांच्या दुकानात त्या वहिनी दिसल्या. गोळ्या केव्हा घ्यायच्या, हे त्यांना त्यांची मुलगी समजावून सांगत होती. मुलगी असेल नऊ-दहा वर्षांची. ती महापालिकेच्या मराठी शाळेत जाते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि काही न बोलता घरी आलो. मराठी शिकवण्याचा पगार वीस वर्षे घेणाऱ्या आम्हां दोघांपैकी एकालाही त्या बाईला चार वाक्ये शिकवावीत, असे कधी सुचले नव्हते.

आता रविवारी दुपारी आमच्या बैठकीत वर्ग भरतो. आरंभी तिघीजणी येत. सध्या एकट्या वहिनीच येतात. व्याकरण आम्ही गुंडाळून ठेवले आहे. जेवणाआधी, जेवणानंतर, दिवसातून दोनदा — एवढ्यावरच पहिला महिना गेला. त्या बदल्यात आम्हीही नेपाळीतले काही शब्द शिकलो. आमचे उच्चार ऐकून वहिनी तोंडाला पदर लावून हसतात. आम्ही मात्र त्यांच्या मराठीला हसायचे सोडले आहे.