एरंडोलचा कागद आणि घरचे कोलाज

जळगावहून धुळ्याच्या सडकेस लागले म्हणजे केळीच्या बागा व कपाशीची काळी शेते मागे टाकीत, सुमारे 30 किलोमीटरांवर, अंजनी नदीकाठचे एरंडोल लागते. येथे येणारा प्रवासी बहुधा पांडववाडा पाहतो व पद्मालयाच्या गणपतीस जातो. परंतु या गावाची आणखी एक ख्याती होती, ती हातकागदाची. 1908 च्या सुमारास निघालेल्या इम्पीरियल गॅझेटिअरात, हे गाव जाड्याभरड्या देशी कागदाविषयी पूर्वी नावाजलेले असून तो धंदा अद्याप थोडासा टिकून आहे, अशी नोंद आहे. पुढे गिरणीच्या स्वस्त कागदापुढे तो ओसरला.

देशी कागद म्हणजे मोठे कष्टाचे काम. जुनी गोणपाटे, दोर व चिंध्या चुन्याच्या पाण्यात भिजवून कुटावयाच्या, लगदा धुऊन हौदात कालवावयाचा, चाळणीवर एकेक ताव उचलावयाचा, आणि वाळल्यावर खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटावयाचा. या श्रमांचे फळ पाहावयाचे तर तसेच पुढे धुळ्यास जावे. इतिहासाचार्य राजवाडे यांचे 1926 साली तेथे देहावसान झाल्यावर 1927 मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. अशा संग्रहांतील जुनी दप्तरे व पोथ्या पाहिल्या म्हणजे चिंध्यांच्या कागदाचे आयुष्य कळते. उलट, आपले वर्तमानपत्र थोड्याच वर्षांत पिवळे पडून ठिसूळ होते.

हे सांगण्याचे कारण असे की, कागद रंगवून, कातरून व चिकटवून चित्र करण्याची कला, जिला कोलाज म्हणतात, ती हल्ली घरोघरी मुले करतात. पण कागदाकडे कोणी पाहत नाही. इंग्लंडात मेरी डिलेनी या बाईंनी 1772 च्या सुमारास, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागदांचे बारीक तुकडे जोडून फुलांची चित्रे करण्यास आरंभ केला व दहा वर्षांत जवळजवळ हजार चित्रे पुरी केली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आजही जतन केलेली आहेत. फ्रेंच चित्रकार मातीस यानेही उतारवयात, दुखण्याने जखडला असता, रंगविलेले कागद कातरूनच चित्रे केली. तेव्हा हा निव्वळ बालखेळ नव्हे.

घरी करावयाचे तर बाजारचा चकचकीत कागद नको. हातकागदावर पातळ रंगाचा रुंद हात द्यावा. ओल्या हिरव्यावर जुनी फणी ओढली की केळीच्या पानाच्या शिरा उमटतात. सुकल्यावर काही तुकडे कातरावे, काही हाताने फाडावे. हातकागदाची फाटलेली कड लांब तंतूंमुळे मऊ राहते. फुटलेल्या बोंडातील कापूस दाखविण्यास ती कातरीच्या कडेहून सरस. खळ गव्हाच्या पिठाची, पातळ व एकजीव असावी. कसर लागू नये म्हणून बांधणीवाले तीत मोरचूद घालतात. परंतु ते विषारी असल्याने मुलांच्या खळीत घालू नये. चित्र सपाट फळीखाली दाबून वाळवावे व उन्हात टांगू नये.

एरंडोलच्या कारागिरांनी टाकाऊ चिंधीतून टिकाऊ ताव काढला. त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. तथापि नातवंडांच्या हाती कातर देताना कागदामागचे हे श्रम वडिलांनी त्यांस अवश्य सांगावे. मग एक तुकडाही ती केरात टाकणार नाहीत.