बोअरचं पाणी आणि निळं झाकण

गाडी सर्व्हिसिंगला सोडताना मालक ऑइलबद्दल बोलतो, ब्रेकबद्दल बोलतो. एसी थंड करत नाही, ही तक्रार तर भर जानेवारीतही करतो. बॉनेटखालच्या त्या निळ्या झाकणाच्या टाकीचं नाव मात्र कुणी काढत नाही. झाकणावर काच आणि कारंजं काढलेलं असतं, म्हणजे कंपनीनं आपल्या परीनं सांगून ठेवलंय. टेंभुर्णीत पुणे-सोलापूर रस्त्यालगत गॅरेज चालवताना माझं एक मत पक्कं झालंय: आमच्या भागात काच धुणारा वॉशर बिघडतो तो बहुधा पाण्यानं. म्हणून वॉशरचं काम आलं की मी बॉनेट उघडायच्या आधी विचारतो, पाणी कुठलं भरता?

उत्तर ठरलेलं असतं. बोअरचं.

काळ्या पाषाणातून उपसलेल्या आमच्याकडच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. घरातल्या तोट्यांवर पांढरी पुटं चढतात, गिझरची कॉइल त्यापायी जाते, हे सगळ्यांना माहीत असतं. वॉशरच्या नोजलचं भोक असतं जेमतेम मिलिमीटरभर, कधी त्याहून बारीक. मे महिन्यात बॉनेटला हात लावून दाखवा! त्या उष्णतेत भोकाच्या तोंडाशी राहिलेला थेंब सुकतो, पाणी उडून जातं, चुना तिथंच बसतो. पुढच्या थेंबाचा त्यावर. वर्षभरात कारंज्याची पिचकारी होते, पिचकारीची लाळ होते.

काहीजण त्यावर उपाय म्हणून टाकीत कपडे धुण्याची पावडर टाकतात. पावडरीतला सोडा आणि पाण्यातला चुना एकत्र आले की तळाशी पिठूळ गाळ बसतो आणि तो मोटरच्या जाळीत अडकतो. शाम्पूची पुडी टाकणारेही आहेत. काचेवर फेस भरपूर येतो, गिऱ्हाईक खूश. रात्री समोरून हेडलाइट आला की त्याच काचेवर इंद्रधनुष्य दिसतं. गाडीच्या काचेसाठीच बनवलेलं द्रावण मिळतं, ते बाटलीवर लिहिलंय तेवढ्याच प्रमाणात घालावं. जास्त घातलं म्हणून काच जास्त निघत नाही.

आता आवाजाचं सांगतो, कारण या कामातली खरी गोडी तिथं आहे. वायपरचा दांडा आपल्याकडे ओढायचा आणि कान द्यायचा. बारीक, हलका, चढा आवाज आला तर मोटर कोरडी फिरतेय: टाकी रिकामी, नाहीतर फुटलेली. तो आवाज ऐकला की मी लगेच हात काढायला सांगतो, कारण या मोटरला वंगण आणि गारवा दोन्ही पाण्याकडूनच मिळतं. आवाज भरीव, दबका आणि काचेवर थेंब नाही, तर पाणी आहे पण वाट बंद आहे. आवाजच नाही, तर आधी फ्यूज, मग कनेक्टरवर टेस्टर. आणि आवाज नेहमीचा, पण पाणी दोन-तीन सेकंदांनी उगवतं, तर पाइपात बसवलेला एकतर्फी व्हॉल्व्ह गळतोय. दर खेपेला पाइप टाकीकडे रिकामा होतो आणि मोटरला तो पुन्हा भरावा लागतो.

मागच्या काचेलाही वॉशर असलेल्या गाड्यांत एक गंमत असते. बऱ्याच गाड्यांत मोटर एकच, तोट्या दोन. करंटची दिशा उलटली की चाक उलटं फिरतं आणि पाणी दुसऱ्या पाइपात जातं. म्हणून पुढची काच भिजते आणि मागची नाही, तर मोटरवर आळ घ्यायच्या आधी मागच्या दाराजवळचा रबरी भोंगा उघडून बघावा. दार दिवसातून दहादा उघडतं आणि आतला पाइप तिथंच चिरतो. मग पाणी छताच्या कापडात झिरपतं आणि मालक सनरूफला शिव्या देतो.

पाइपाचे शत्रू आणखीही आहेत. पावसाळ्यात उंदीर उबेला बॉनेटखाली येतात आणि मऊ पाइप कुरतडतात. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या नोजलात कुंभारमाशी मातीचं बूच बसवून जाते, तेही असं सफाईदार की माझ्या पोऱ्याला नोजलच बंद पडलेलं वाटलं.

भोक मोकळं करायला सगळे टाचणी घेतात. एका सरळ धारेच्या नोजलला हलक्या हातानं ती चालते. पंख्यासारखा फवारा मारणाऱ्या नोजलला मात्र कधीच घालू नये. त्याच्या पोटात एक छोटी खोली असते, तिच्या आकारामुळे धार डावी-उजवीकडे झुलते. तिथं ओरखडा पडला की फवारा बिघडला. मी नोजल काढतो, पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवतो आणि मग उलट्या बाजूनं हवा मारतो. पाइप आधी सोडवायचा, हे विसरायचं नाही. मोटर टाकीच्या रबरी ग्रोमेटमध्ये नुसती खोचलेली असते. परत बसवताना साबणाचं पाणी लावावं. ग्रीस लावलं तर रबर फुगतं.

धारेचा नेम लावणं हे निवांत करायचं काम. उभ्या गाडीत धार काचेच्या मध्याच्या थोडी वर पडायला हवी, कारण वेगात वारा तिला खाली दाबतो. खूप वर ठेवली तर पाणी मागच्या गाडीला. ताशी 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. तेवढा वेळ समोर चिखलाचा पडदा असेल तर हायवेवर काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे हे ऊस-हंगामात कळतं. कारखान्यांची बगॅसची राख काचेवर उतरते, ट्रॉल्यांमागून माती उडते, भिगवणपासून उजनीच्या पाण्याकडेनं संध्याकाळी येताना चिलटांचा लेप बसतो. अशा काचेवर कोरडा वायपर फिरवणं म्हणजे काच तासणं. धुळीतली वाळू काचेहून कठीण असते, ओरखडा कायमचा. आधी पाणी, मग वायपर. जुने ट्रकवाले पावसात काचेवर तंबाखू चोळत, आणि ती युक्ती काही काळ चालतेही. पण ती पावसातली युक्ती आहे. राख आणि चिलटं तंबाखूला ऐकत नाहीत. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये तर वॉशरचं पाणी स्टेपनीतल्या हवेच्या दाबानं उडायचं. म्हणजे काच धुवायची तर आधी स्टेपनीत हवा बघा. तसली शिस्त आपल्याकडे पुन्हा आणावी, असं मला अधूनमधून वाटतं.

साधं पाणी महिनोन्‌महिने टाकीत साठवू नये, याला आणखी एक कारण आहे. 2010 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी वॉशरमध्ये नुसतं पाणी भरणं आणि लीजनेअर्स हा फुप्फुसाचा आजार यांचा संबंध दाखवून दिला. टाकीतल्या कोमट पाण्यात जिवाणू वाढतात आणि फवाऱ्यातून श्वासात जाऊ शकतात. आमच्या भागातल्या टाक्या इंजिनच्या उबेत वर्षभर कोमटच असतात. तळाचा हिरवा बुळबुळीत थर मोटर काढल्यावर दिसतो.

मग भरावं काय? क्षार नसलेलं पाणी, आणि त्यात ते काचेचं द्रावण. एसीच्या पाइपातून टपकतं ते हवेतलं बाष्पच असतं, त्यात चुना नाही. शेजारच्या एटीएमच्या एसीखाली मी कॅन ठेवतो. रखवालदारानं एकदा विचारलंही, पिता की काय? अडचण एवढीच की उन्हाळ्यात, जेव्हा धुळीनं काच सारखी धुवावी लागते, तेव्हा आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की दिवसभरात कॅनचा तळही झाकत नाही. आषाढीच्या सुमाराला, पंढरपूरच्या गाड्या भिजून येतात तेव्हा, तोच कॅन भरून वाहतो. ते कॅन बूच लावून मी मागच्या खोलीत ठेवतो, आणि मार्चपर्यंत संपले की बॅटरीचं पाणी विकत आणतो.