खांद्याची शिकवणी

सदरा अंगांत घालणें ही गोष्ट आम्ही साठ वर्षें कोणाच्याहि मदतीवांचून करीत आलों होतों. त्यामुळें तींत कांहीं कौशल्य असतें, अशी शंकाहि आम्हांस कधीं आली नव्हती. गेल्या वर्षीं श्रावणांत एके सकाळीं उजवा हात बाहींत शिरेना. प्रथम आम्हीं सदऱ्यास दोष दिला, मग शिंप्यास. पंधरा दिवसांत हात पाठीमागें जाईनासा झाला, कपाटाच्या वरच्या फळीवरील पुस्तकें परकीं झालीं, आणि रात्रीं त्या कुशीवर वळतांच जाग येऊं लागली. तिळाचें तेल झालें, ओव्याची पुरचुंडी झाली, शेजाऱ्यांचा सल्ला झाला. तेव्हां कोठें आम्ही डॉक्टरांकडे गेलों.

“खांदा गोठला आहे,” ते म्हणाले. हें नांव कांहीं त्यांनीं शोधलेलें नव्हे. बोस्टनचे शस्त्रवैद्य कॉडमन यांनीं १९३४ सालीं ‘फ्रोझन शोल्डर’ हा शब्द प्रचारांत आणला. सांध्याभोंवतीचें आवरण सुजतें, जाड होतें आणि आकसतें. पिशवीची नाडी ओढावी तसा सांधा आंतल्याआंत आवळला जातो. चाळिशी-साठीच्या दरम्यान हें दुखणें बहुधा गांठतें, मधुमेह्यांवर त्याचा लोभ विशेष असतो, आणि सुटायला वर्ष दीड वर्ष सहज लागतें. आमची साखर बारा वर्षांची जुनी. डॉक्टरांनीं चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या आणि खालीं एक शब्द लिहिला: फिजिओथेरपी.

आम्ही प्रथम ज्या ठिकाणीं गेलों त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. ओळीनें सहा खाटा, प्रत्येकीभोंवतीं हिरवा पडदा, आणि प्रत्येकीच्या उशाशीं एक यंत्र. एका तरुणानें आमची चिठ्ठी वाचली. आमच्याकडे पाहिल्याचें मात्र आम्हांस स्मरत नाहीं. मधुमेह आहे काय, हें त्यानें विचारलें नाहीं व आम्हींहि सांगितलें नाहीं. चिठ्ठीवर असेल, अशी आमची समजूत. त्यानें कढत पाण्याच्या पेटींतून शेकाची पिशवी काढली, तिला एक टॉवेल गुंडाळला, ती खांद्याखालीं सरकवली, “वीस मिनिटं पडून राहा, काका,” असें म्हणाला आणि पडद्याबाहेर गेला. थोड्याच वेळांत त्याच्या मोबाइलवरील क्रिकेटचें समालोचन ऐकूं येऊं लागलें.

आरंभीं तो शेक फार सुखाचा वाटला. मग तितकासा वाटेना. पुढें तर मुळींच वाटेना. हांक मारावी, असें तीनदां मनांत आलें. परंतु पलीकडच्या पडद्याआड एक बाई होत्या. एवढ्या तेवढ्यासाठीं पुरुषमाणसानें ओरडणें बरें दिसेल काय? शिवाय तो तरुण शिकलेला. त्यानें वीस मिनिटें सांगितलीं त्या अर्थीं वीसच हवीं असणार. अशा रीतीनें सभ्यपणा आणि विद्वानांविषयींचा आदर या आपल्या दोन मध्यमवर्गीय सद्गुणांच्या जोरावर आम्ही निपचित पडून राहिलों. घरीं येऊन सदरा काढला तेव्हां खांद्याच्या मागें रुपयाएवढा फोड दिसला. तो पाहून आमच्या मंडळींनीं एवढेंच विचारलें, “तुम्हांला तोंड नव्हतं का?”

हा प्रश्न आम्हांस लागला. त्याचें कारण त्यांस ठाऊक होतें, म्हणूनच त्या पुढें कांहीं बोलल्या नाहींत.

१९७६ सालीं आमच्या वडिलांस अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाहि गेली. गांवांत फिजिओथेरपी हा शब्द कोणीं ऐकला नव्हता; रोज सकाळीं एक मालीश करणारा येई. माणूस कष्टाळू होता, लबाड नव्हता. तेल चोळून झालें म्हणजे तो तो निर्जीव हात मनगटाला धरून वर, पार डोक्याच्या पलीकडे ओढी. वडील मान हलवीत, डोळ्यांतून पाणी काढीत. तो म्हणे, “दुखतंय म्हणजे जीव येतोय.” आणि आम्ही, वडिलांचा चांगला हात आपल्या दोन्ही हातांत दाबून धरून, “थोडं सोसा, बाबा,” असें त्यांस सांगत असूं. हात तर परत आला नाहींच. तो खांदा मात्र त्यांच्या अखेरच्या दिवसापर्यंत ठणकत राहिला. लुळ्या पडलेल्या खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात, हाताच्या नुसत्या भारानें हाड खोबणींतून खालीं उतरूं पाहतें, आणि असा हात ओढणें म्हणजे उरलेलें बंधनहि दुखावणें होय, हें आम्हांस फार उशिरां कळलें. बाबांना तोंड नव्हतें. आम्हांस होतें.

असो. फोड सुकल्यावर आम्ही दुसऱ्या ठिकाणीं गेलों, तें आमच्या भाचीच्या आग्रहास्तव. येथील मुलगी (तिला मुलगी म्हणणें बरें नव्हे, ती पदव्युत्तर शिक्षण झालेली होती, पण आमच्या धाकट्या मुलीहून लहान होती) पहिल्या दिवशीं यंत्राला शिवलीच नाहीं. पाऊण तास तिनें प्रश्न विचारले. “साखर किती असते? छातींत पेसमेकर आहे का? हाडांत कुठं पट्टी, स्क्रू? याआधीं शेकतांना कधीं भाजलं होतं का?” शेवटच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं पाठ फिरवून दिलें. ती क्षणभर गप्प राहिली. मग तिनें दोन काचनळ्या आणल्या, एकींत कोमट पाणी, दुसरींत गार, आम्हांस डोळे मिटावयास सांगून ती त्या खांद्यावर जागोजाग टेकवी आणि “गरम कीं गार?” असें विचारी. मधुमेहानें कातडीची जाणीव मंदावूं शकते, आणि ज्याला ऊन कळत नाहीं त्याला ऊन लावणें धोक्याचें, एवढी साधी ती गोष्ट. नंतर तिनें कोनमापक लावला. हात पुढून वर ८५ अंश. कोपर बरगडीला टेकवून बाहेरच्या बाजूस अवघे १०. आंकडे वहींत लिहिले आणि वही आमच्याच स्वाधीन केली.

शेक तिनेंहि दिला; परंतु पिशवीला टॉवेलाच्या सहा-सात घड्या होत्या, पांच मिनिटांनीं येऊन तिनें कातडी पाहिली, आणि जातांना आमच्या डाव्या हातांत एक घंटा ठेविली. “ही वाजवलीत तर मला राग येणार नाहीं, काका. नाहीं वाजवलीत तर येईल.”

हात लावण्यापूर्वीं ती दर वेळीं सांगे: आतां मी पाठीचें फरें धरणार आहे, आतां दंड धरणार आहे, चालेल ना? इतक्या वेळां विचारण्याचें आम्हांस आरंभीं हंसूं येई. पण या विचारण्याला मोठा इतिहास आहे. १८९४ सालीं लंडनमध्यें मालिशीच्या नांवाखालीं चाललेल्या अनाचाराचा तेथील वैद्यकीय नियतकालिकानें गवगवा केला, आणि त्याच वर्षीं चार परिचारिकांनीं एकत्र येऊन आपल्या धंद्याची अब्रू राखण्यासाठीं संस्था काढली. डॉक्टरांच्या सांगण्यावांचून मालीश करावयाची नाहीं, असा कडक नियम त्यांनीं स्वतःवर घालून घेतला. आजची इंग्लंडांतील फिजिओथेरपीची सनदी संस्था ती हीच. आपल्याकडे हें शिक्षण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५० नंतरच्या दशकांत सुरू झालें. या व्यवसायाची सर्व देशापुरती नोंद ठेवण्याचा कायदा व्हावयास मात्र २०२१ साल उजाडलें. परक्याच्या देहाला हात लावण्याचा अधिकार विद्येनें मिळतो खरा, परंतु तो रोज नव्यानें मागावा लागतो, हें त्या चौघींस कळलें होतें. आमच्या मंडळींस आंत बसूं द्याल काय, असें आम्हीं विचारलें, तेव्हां तिनें लागलीच खुर्ची दिली. आम्ही आतां ओळखीपाळखीच्यांस सांगतों कीं, जेथें ही खुर्ची देण्याचें कोणाच्या जिवावर येतें तेथून उठून यावें.

दुखण्याचें माप ही तिची दुसरी शिस्त. “दहापैकीं किती?” आम्हीं म्हणावें, “तीन.” ती म्हणे, “तुमचा चेहरा सात म्हणतो.” आणि हात खालीं आणी. ताणल्याचें दुखणें वेगळें, तें हात सोडतांच ओसरतें. जें दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत मागें राहतें तें जास्त झालें असें समजावें, आणि तें आपल्याला सांगितलें नाहीं तर आपण आंधळ्यासारखें काम करूं, असें ती म्हणाली. एकदां आम्ही पुन्हां तीन म्हणालों तेव्हां तिनें सरळ विचारलें, “काका, तुम्ही कमी कां सांगतां?” आम्हीं तिला बाबांची हकीकत सांगितली. तिनें उपदेश केला नाहीं, सांत्वनहि केलें नाहीं. त्या दिवशीं मात्र तिनें एक अंशहि पुढें नेला नाहीं. नुसता हात आपल्या दोन्ही हातांवर तोलून धरला, आणि झुलता ठेविला.

व्यायाम म्हणाल तर पोरखेळच. टेबलावर वांकून हात लोलकासारखा सोडणें, भिंतीवर बोटांनीं मुंगीसारखें चढणें, काठी दोन्ही हातांत धरून बाहेर ढकलणें. पण या पोरखेळांतहि आमचा खांदा लबाडी करी. हात वर जाईना म्हणून तो सबंध खांदाच कानाकडे उचली, आणि आम्हांस वाटे कीं, प्रगति झाली. घरीं आरसाहि ही चोरी पकडीत नसे. ती मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाहून, दुसऱ्या रोग्याशीं बोलतां बोलतां, “काका, खांदा!” असें म्हणे.

दुसऱ्या टोकाहून, असें आम्ही म्हटलें खरें. पण त्याचें त्या वेळीं आम्हांस थोडें वाईट वाटलें होतें. पहिला महिना ती हातभर अंतरावर असे. मग खाटेच्या पायथ्याशीं, मग खिडकीजवळ. यंत्र तर दुसऱ्या महिन्यांतच बंद झालें. आठवड्यांतून पांच खेपांच्या दोन झाल्या, मग पंधरवड्यांतून एक. पैसे तेवढेच देऊन देखरेख कमी मिळते, असा हिशेब आमच्या मनांत येऊन गेला, हें येथें कबूल करतों. पुढें वही उघडून पाहिली: ८५चे ११०, ११०चे १३५. ती जसजशी दूर गेली तसतसे आंकडे वाढत गेले होते.

सातव्या महिन्यांत, अखेरच्या खेपेच्या दिवशीं, आम्ही भिंतीशीं उभे राहून बोटें चढवीत होतों. शेजारच्या खाटेवर अर्धांगाचे एक वृद्ध गृहस्थ निजले होते. त्यांस उठवून बसवावें म्हणून त्यांच्या मुलानें मोठ्या मायेनें त्यांचा लुळा हात मनगटाला धरला.

“हात ओढूं नका!”

एवढ्या मोठ्यानें बोलतांना आम्हीं तिला कधीं ऐकलें नव्हतें. हातांतलें टाकून ती खोलीच्या त्या टोकाहून धांवत आली, तिनें मुलाची बोटें सोडविलीं, त्याचा एक तळवा वडिलांच्या फऱ्यामागें नेऊन टेकविला, दुसरा कोपराखालीं ठेविला, आणि त्याच्या हातांवर आपले हात ठेवून म्हणाली, “असं. आतां उठवा.” म्हातारे उठून बसले. त्यांच्या तोंडावर वेदनेचें चिन्ह नव्हतें. मुलगा ओशाळला होता, आणि वडिलांचा हात तसाच धरून बसला होता.

भिंतीवर आमचीं बोटें कितव्या खेपेला होतीं, तें आम्ही विसरलों. पुन्हां एकापासून मोजावयास सुरुवात केली.