उशाशी दोन पुस्तकं

सध्या माझ्या उशाशी दोन पुस्तकं आहेत. मुखपृष्ठावर रानडुक्कर असलेलं मार्टिन क्लेपमनचं 2017 सालचं 'डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह ॲप्लिकेशन्स', आणि दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'. पहिलं नोकरीपायी हाती घेतलं, पण आता त्याचीच ओढ लागली आहे. मुलं झोपली की दोन पानं होतात, कधी एकच.

घड्याळांच्या भागापाशी मी फार रेंगाळले. संगणकातलं घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं आणि तापमान बदललं की त्याची चालही बदलते. गूगल आपल्या सर्व्हरसाठी दर दहा लाख सेकंदांमागे 200 सेकंदांची चूक गृहीत धरतं. घड्याळ दिवसातून एकदाच जुळवलं, तर 17 सेकंदांचा फरक! मग हजारो यंत्रांत आधी काय घडलं, नंतर काय, हे ठरवायचं कसं? लेस्ली लॅम्पोर्टने 1978 साली वाट दाखवली. घड्याळ बाजूला ठेवा. प्रत्येक यंत्राने आपला आकडा वाढवत राहावं, निरोपासोबत तो धाडावा. निरोप मिळेल त्याने आपला नि आलेला यांतला मोठा आकडा घेऊन त्यात एक मिळवावा. 5 वर असलेल्या यंत्राला 9 चा निरोप आला, की ते थेट 10 वर. कार्याचा आकडा कारणापेक्षा नेहमी मोठाच. किती साधं, किती देखणं! सकाळी डबे भरताना ते डोक्यात घोळत होतं, आणि भाजी परतता परतता लख्ख उमगलं: ज्या दोन घटनांचा एकमेकींशी निरोपानिरोपीने काहीच धागा जुळत नाही, त्यांतली आधीची कोणती, हा प्रश्नच तिथे उरत नाही.

दुर्गाबाईंचं पुस्तक 1956 सालचं. ते चैत्रापासून महिन्यामहिन्याने पुढे सरकतं; मीही तसंच वाचते, त्या महिन्याचा लेख त्या महिन्यात. यंदा चैत्रात शाळेच्या वाटेवरच्या पिंपळाची तांबूस पालवी लेकीला थांबवून दाखवली. उशीर होत होता, तरीही.

अशा तुटक वाचनाला लोक कमी लेखतात. मला ते पटत नाही. अवघड पुस्तक दोन पानांनंतर मिटावंच लागतं. मुरतं ते मधल्या कामांतच. आईबापांनो, मुलांना गोष्टी जरूर वाचून दाखवा, पण स्वतःसाठीही एखादं जड पुस्तक उशाशी ठेवा. चार ओळी झाल्या तरी चालेल.