सारथ्याचा धर्म

शिक्षकाचा पेशा सुटतो, पण शिक्षकाची खोड सुटत नाहीं. मला सेवानिवृत्त होऊन आतां सात वर्षें झालीं. तरी कोणी अशुद्ध उच्चार केला, कोणाची बेरीज चुकली, फार काय, शेजारच्या सूनबाईंच्या रांगोळीची एक रेघ वांकडी गेली, तरी ती दाखविल्यावांचून मला चैन पडत नाहीं. दुसऱ्याची चूक तत्काळ दाखविणें हा परोपकारच होय, अशी माझी जन्मभर समजूत होती. त्या समजुतीस पहिला धक्का बसला तो परदेशांतील एका सरोवरावर, भरधांव चाललेल्या मोटरबोटींत. ती हकीकत वाचकांस सादर करीत आहें.

गेल्या वर्षीं चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्हां उभयतांस अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतांत चार महिने राहण्याचा योग आला. त्या प्रांताच्या मध्यभागीं लहानमोठीं शेंकडों सरोवरें आहेत. चिरंजीव दर रविवारीं पहाटे उठून अशाच एका सरोवरावर जात. चाळिशी गांठलेला गृहस्थ, पदरीं मुलगी, आणि हा कसला पोरखेळ, असें मनांत म्हणतच मी एके दिवशीं त्यांच्याबरोबर निघालों.

खेळ वॉटर स्कीइंगचा. त्यांतील प्रकाराचें नांव ‘स्लॅलम’. बोटीस बांधलेल्या दोराची मूठ धरून, दोन्ही पाय एकाच लांब फळीवर एकामागें एक रोवून, मनुष्य पाण्यावरून घसरत जातो. त्यासाठीं २५९ मीटर लांबीचा मार्ग आंखलेला असतो. मधोमध बोयांनी दाखविलेल्या अरुंद गल्लींतून बोट सरळ जाते. मध्यरेषेपासून ११.५ मीटरांवर, तीन उजवीकडे व तीन डावीकडे, असे सहा बोये तरंगत असतात. बोटीमागची फेसाळ वाट पुनः पुनः ओलांडून त्या सहाहींस बाहेरून वळसा घालावयाचा. पुरुषांच्या स्पर्धेंत बोटीचा वेग ताशीं ५८ किलोमीटरांपर्यंत असतो. म्हणजे एक फेरी सुमारें १६ सेकंदांत आटोपते. पुरता वेग साधल्यावर मग प्रत्येक यशस्वी फेरीनंतर दोर आंखूड करीत जातात. पूर्ण दोर १८.२५ मीटरांचा, तो १६, १४.२५, १३, १२ असा उतरत ११.२५ वर येतो. बोया ११.५ मीटरांवर आणि दोर ११.२५ मीटरांचा! उरलेलें अंतर मनुष्यानें आपलें शरीर आडवें झोकून आणि एक हात लांबवून पुरें करावयाचें. हें गणित प्रथम ऐकलें तेव्हां मीं तें घरीं येऊन वहींत मांडून पाहिलें.

कांठावरून पाहणाऱ्यास हा खेळ एकट्याचा वाटतो. परंतु दुसऱ्या रविवारीं मला बोटींत, मागें तोंड करून, निरीक्षकाच्या जागीं बसविलें. चालकाची दृष्टि पुढें असावी लागते, म्हणून मागचा मनुष्य पडला कीं सांगण्यास कोणीतरी लागतो. तेथें बसल्यावर मला कळलें कीं दोराला दोन टोकें असतात. फळीवरील मनुष्य वळतांना इतक्या जोरानें खेंचतो कीं बोटीची शेपटी बाजूस ओढली जाते. चालकानें सुकाणूवर बोटभर हालचाल करून ती रेषेवर राखावयाची. वेग राखण्याचें काम आतां उपग्रहांच्या साहाय्यानें चालणारें यंत्र करतें. पूर्वीं तेंही चालकाच्या हातांत असे. बोट बोयाच्या बाजूस किंचित् कलली तर मागच्याचें काम सोपें होतें. उलट बाजूस कलली तर कठीण. म्हणून मोठ्या स्पर्धांत बोटीची वाटही कॅमेऱ्यांतून तपासतात. चालकानें अडथळा करूं नये हें तर खरेंच. पण प्रेमानें मदत म्हणूनही रेषा सोडूं नये, हा तेथील कडक नियम आहे.

या मंडळींतील एक सत्तरी उलटलेले गृहस्थ मला धक्क्यावर बसून रीतभात समजावून सांगत. दोराची लांबी आणि बोटीचा वेग फळीवरील मनुष्यानें ठरवावयाचा. चालकानें फक्त ऐकावयाचें. तो ‘चला’ म्हणेपर्यंत बोट हलवूं नये, आणि उचलतांना दोरास हिसका देऊं नये. मनुष्य पडला तर प्रथम वेग उतरवावा. मोठ्या वेगानें गरकन् वळूं नये, कारण त्या लाटा कांठांवर आपटून परत येतात आणि पुढच्याचें पाणी खराब करतात. आल्या वाटेनें सावकाश, पडलेला मनुष्य सतत नजरेसमोर ठेवून परतावें. तो बोटींत चढत असतां यंत्र बंद असावें. सहा-आठ फेऱ्या झाल्या कीं मनुष्यानें मुकाट्यानें पाळी सोडावी, आणि ज्याची बोट असेल त्याच्या पेट्रोलाचा वांटा न मागतां द्यावा. ज्यानें आतां तुम्हांस ओढलें त्यास थोड्या वेळानें तुम्हीं ओढावयाचें असतें. त्यामुळें उद्धटपणा फार दिवस टिकत नाहीं.

या खेळाचा आरंभच मुळीं दोघा भावांनीं झाला आहे. सन १९२२ च्या जुलै महिन्यांत मिनेसोटांतील पेपिन सरोवरावर राल्फ सॅम्युअलसन नांवाचा अठरा वर्षांचा तरुण लांकडाच्या दोन फळ्यांवर प्रथम उभा राहिला. फळ्यांचीं टोकें त्यानें उकळत्या पाण्यांत मऊ करून वांकविलीं होतीं. त्यापूर्वीं कित्येक प्रयत्न फसले होते. तो बुडत होता आणि बोटीवरचा त्याचा भाऊ बेन त्यास पुनः पुनः ओढीत होता. इतिहासांत राल्फचें नांव मोठ्या अक्षरांत आहे. बेनचें त्याखालीं, लहान अक्षरांत. परंतु बेन कंटाळला असता तर राल्फ उभा राहता ना!

असो. आतां माझ्या फजितीकडे वळतों. तीन-चार रविवार झाले आणि मला या विद्येंतील तज्ज्ञता प्राप्त झाल्यासारखें वाटूं लागलें. त्या दिवशीं चालकाच्या जागीं चिरंजीवांच्याच वयाचा एक गृहस्थ होता. पुढल्या महिन्यांतील स्थानिक स्पर्धेंत हे दोघे एकाच गटांत उतरणार होते. दोर नुकताच आंखूड केला होता. चिरंजीव तिसऱ्या बोयाकडे उशिरां पोंचत आहेत हें मला स्पष्ट दिसलें आणि मी जागेवरून ओरडलों, “अरे, आधीं वळ! आधीं!” दुसऱ्याच क्षणीं फळी एकीकडे आणि मुलगा दुसरीकडे झाला. बोट मंद झाली. पाण्यांतून हात वर आला, म्हणजे इजा नव्हती. मी लगेच सुरू केलें, “मी सांगत होतों ना—”

माझें मराठी त्या चालकास समजलें नसेल. पण मास्तरांचा सूर कोणत्याही भाषेंत ओळखूं येतो. त्यानें माझ्याकडे वळून, अगदीं आदरानें, हळूच सांगितलें, “पडलेला मनुष्य प्रथम बोलतो. आपण नंतर.”

मी गप्प बसलों. बोट आपल्याच फेसाच्या वाटेनें सावकाश परतली. चालकानें कांहींही विचारलें नाहीं. थोडा वेळ पाण्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा होत राहिला. मग चिरंजीव आपण होऊन म्हणाले, “आरंभींच्या दारांतूनच उशिरां सुटलों. तो उशीर प्रत्येक बोयाशीं वाढत गेला.” चालकानें एवढेंच विचारलें, “दोर आहे तेवढाच ठेवूं ना?” आणि पुनः बोट अशी सरळ नेली कीं जणूं स्पर्धा त्याचीच होती.

मी मात्र मनांत चपापलों होतों. कारण चूक तिसऱ्या बोयाशीं नव्हतीच. ती मीं ज्याकडे लक्षही दिलें नव्हतें त्या दाराशीं झाली होती. पाहणाऱ्यास पडणें दिसतें. कोठें तोल गेला हें पडलेल्यासच ठाऊक असतें.

आणि त्याच क्षणीं मला सव्वीस वर्षांपूर्वींचें एक सभागृह आठवलें. गीतापाठांतराची स्पर्धा होती. माझा मुलगा पंधराव्या अध्यायांत एके ठिकाणीं अडखळला. तो आठवीत होता. कदाचित् त्यास आठवलेंही असतें. पण पहिल्या रांगेंत बसलेल्या मला धीर निघाला नाहीं. मीं तो शब्द मोठ्यानें सांगितला. मुलें हंसलीं. तो व्यासपीठावरून खालीं उतरला, आणि घरीं आल्यावर मीं त्यास दोन दिवस त्याचा आळस समजावून सांगितला. त्यानंतर त्यानें माझ्यासमोर कधीं श्लोक म्हटला नाहीं. मीं तें त्याचें औदासीन्य समजलों होतों.

कर्णपर्व मीं किती वेळां वाचलें असेल! शल्य अश्वविद्येंत श्रीकृष्णाच्या तोडीचा. त्याच्या हातांतील लगाम कोठेंही चुकला नाहीं. त्यानें केला तो कर्णाचा तेजोवध, आणि तो केवळ जिभेनें. पण शल्यानें तसें वचनच युधिष्ठिरास दिलें होतें. मीं असें वचन कोणास दिलें होतें? उलट, ज्याच्याशीं पुढल्या महिन्यांत सामना आहे त्यास सरळ रेषेंत ओढणारा तो परका गृहस्थ पाहून मला नलोपाख्यानांतील बाहुक आठवला. ज्या विदर्भांत आपल्याच पत्नीचें दुसरें स्वयंवर मांडल्याची वार्ता, तेथें तो ऋतुपर्णास वेळेवर पोंचवितो, आणि दोघे एकमेकांस आपापली विद्या देतात.

त्या सायंकाळीं देवापाशीं दिवा लावल्यावर आमची नात परवचा म्हणत बसली होती. स्वयंपाकघरांतून तिचा बापही ऐकत होता. मध्येंच ती थांबली. पुढला शब्द माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. मी समईच्या ज्योतीकडे पाहत बसलों. किती वेळ गेला कोण जाणे. सोळा सेकंदांहून अधिक खास नसेल. मग तिला शब्द सांपडला आणि ती पुढें निघाली. स्वयंपाकघराच्या दारांत मुलगा उभा होता. तो कांहीं बोलला नाहीं, पण रात्रीं झोपतांना त्यानें विचारलें, “बाबा, पुढल्या रविवारींही बोटींत बसाल ना?”

माझी खोड समूळ गेली असें मी म्हणत नाहीं. रांगोळीची वांकडी रेघ मला अजूनही दिसते. पण ती काढणारीनें विचारीपर्यंत थांबण्याचा अभ्यास चालू आहे. ही सारी हकीकत ऐकून घरांतून शेरा मिळाला तो असा : “एवढें कळायला समुद्र ओलांडावा लागला होय? मी चाळीस वर्षें तेंच सांगत होतें.”