मराठी कानाला ओळखीचा फ्रेंच काळ

फ्रेंच शिकणारी मुलं बी-१ पातळीपर्यंत येतात, तेव्हा पासे कोंपोझे आणि अँपार्फे हे दोन भूतकाळ त्यांच्या हाताखालून गेलेले असतात. मग येतो प्लूस-क-पार्फे. एक गोष्ट घडली, पण तिच्याही आधी दुसरी घडून गेली होती, हे सांगण्याचा काळ. आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती, त्यातलं हे ‘सुटली होती’. पुण्यात फ्रेंच शिकवताना मी या धड्याची वाट बघत असते. मराठी मुलांकडे इथे भरपूर भांडवल असतं आणि बहुतेकांना त्याची कल्पनाच नसते, कारण फ्रेंच व्याकरण त्यांच्यापर्यंत इंग्रजीच्या ‘हॅड’मधून पोचलेलं असतं.

रचना सोपी आहे. ‘आव्ह्वार’ या साहाय्यक क्रियापदाचं अँपार्फेतलं रूप घ्यायचं आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचं भूतकालवाचक धातुसाधित ठेवायचं. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे. शेवटची ई-आर ही अक्षरं काढून तिथे तिरकी रेघ असलेला ‘ई’ लिहिला की धातुसाधित तयार. उच्चार तोच राहतो. फ्रेंचमधली दहातली जवळजवळ नऊ क्रियापदं याच गटात मोडतात, त्यामुळे एक रूपावली पाठ झाली की मोठा मुलूख सर होतो. ज्याव्हे पार्ले, त्यू आव्हे पार्ले, इलाव्हे पार्ले. नूझाव्ह्यों पार्ले, व्हूझाव्ह्ये पार्ले, इल्झाव्हे पार्ले.

ही रूपं कानाने शिकायची, असा माझा आग्रह असतो. ‘मी’, ‘तू’, ‘तो’ आणि ‘ते’ या चौघांचं ‘आव्हे’ ऐकायला अगदी एकच आहे. कागदावर मात्र शेवटी कधी एस, कधी टी, तर ‘ते’साठी ई-एन-टी, आणि यातलं एकही अक्षर उच्चारलं जात नाही. मग ‘तो बोलला होता’ आणि ‘ते बोलले होते’ यांतला फरक ऐकणाऱ्याला कळतो कसा? मधल्या ‘झ’वरून. इलाव्हे, इल्झाव्हे. अनेकवचनी सर्वनामाचा एरवी मुका असलेला एस पुढच्या स्वराला भिडला की बोलू लागतो. वर्गाकडून हे दोन शब्द मी जोरात म्हणून घेते.

नकारात तर मराठी मुलांना नवं काही शिकावंच लागत नाही. ‘मी बोलले नव्हते’ म्हणताना आपण नकार साहाय्यक क्रियापदाला जोडतो. फ्रेंचही तेच करते: ज्य नाव्हे पा पार्ले. नकाराचे ‘न’ आणि ‘पा’ हे दोन्ही तुकडे ‘आव्हे’च्या दोन बाजूंना बसतात, ‘पार्ले’ला हातही लागत नाही.

खरी गंमत लिंग-वचनात आहे. येणं, जाणं, पोचणं, पडणं, मरणं अशी काही क्रियापदं ‘आव्ह्वार’ऐवजी ‘एत्र’ घेतात आणि तिथे धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलतं. ‘तो आला होता, ती आली होती’ हे अंगवळणी पडलेल्याला त्यात नवल काय वाटणार? अडचण ‘आव्ह्वार’पाशी येते. मागे एका विद्यार्थिनीने फळ्यावर ‘ज्याव्हे पार्ले’ लिहिलं आणि शेवटी एक जादा ‘ई’ जोडला. तिच्या मनात ‘मी बोलले होते’ होतं, म्हणून तिने स्त्रीलिंगी रूप केलं. मराठीच्या हिशेबाने तिचं बरोबरच होतं. पण फ्रेंचमध्ये ‘आव्ह्वार’ असताना कर्त्याच्या लिंगाकडे कुणी बघत नाही. तो ‘ई’ पुसायला लावण्याआधी तो कुठून आला हे मी वर्गाला सांगितलं. शिक्षकाने एवढं करायलाच हवं.

मात्र कर्म क्रियापदाच्या आधी आलं की हेच ‘आव्ह्वार’ कर्माशी जुळवून घेतं. ‘तिने सफरचंदं आणली होती’ या सरळ वाक्यात फ्रेंच धातुसाधित जसंच्या तसं राहतं. ‘तिने जी सफरचंदं आणली होती ती’ असं म्हटलं की त्याला सफरचंदांप्रमाणे स्त्रीलिंगी अनेकवचनी शेपूट लागतं, कारण फ्रेंचमध्ये सफरचंद स्त्रीलिंगी आहे. सोळाव्या शतकातला कवी क्लेमां मारो याने इटालियनचा दाखला देऊन या नियमाचा पुरस्कार केला. तेव्हापासून फ्रेंच पोरं त्यात अडखळत आली आहेत, आणि 2018 साली दोन माजी बेल्जियन शिक्षकांनी तो सैल करावा अशी जाहीर मागणीही केली. मराठी मूल इथे डगमगत नाही. कर्मणी प्रयोग ते जन्मापासून बोलत आलंय: तिने आंबा आणला होता, तिने चिठ्ठी आणली होती. फक्त कर्म आधी आहे की नंतर, एवढंच त्याला नव्याने बघावं लागतं.

उलटा धोकाही आहे. ‘काल मी डेक्कनला गेले होते’ हे मराठीत पुरं वाक्य आहे. तेच प्लूस-क-पार्फेत म्हटलं की फ्रेंच माणूस थांबून राहतो: कशाच्या आधी गेली होतीस? तिथे साधा पासे कोंपोझेच हवा. निबंध तपासताना मराठी वळणाची ही खूण मला हमखास सापडते.

विनंती करताना मात्र दोन्ही भाषा पुन्हा एका जागी येतात. ‘तुमच्याकडे जरा एक काम घेऊन आले होते’ असं आपण समोर उभं राहूनच म्हणतो, आणि फ्रेंच माणूसही आर्जव करताना ‘ज्येते व्हन्यू’, म्हणजे ‘मी आले होते’, अशी सुरुवात करतो. पुढच्या तासाला याच रूपाआधी ‘सी’, म्हणजे ‘जर’, लागतो: सी त्यू माव्हे पार्ले, तू माझ्याशी बोलला असतास तर. मराठी इथे ‘होतास’ सोडून ‘असतास’कडे जाते, फ्रेंच मात्र जुन्याच रूपावर ठाम राहते, आणि या वाक्यांचा सराव मला पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो.