तीमारदाराची इयादत

उर्दूत आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला 'तीमारदार' म्हणतात. मूळ फारसीत 'तीमार'चे दोन अर्थ आहेत : काळजी आणि दुःख. वर्गात हा शब्द शिकवताना मला माझ्या मोठ्या खाला आठवतात.

खालांचा मुलगा ऐन विशीत आजारी पडला. कानात आवाज येतात म्हणू लागला, रात्र रात्र जागू लागला. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. पंधरा वर्षे झाली. त्याची गोळी चुकू नये म्हणून खाला कुणाच्या लग्नाला मुक्कामी जात नाहीत. स्वतःचे गुडघे दाखवायला त्यांना सवड नाही. येणारा विचारतो, "मुलगा कसा आहे?" "तुम्ही कशा आहात?" असे कुणी विचारत नाही. वर "सब्र करा" हा सल्ला. सब्र मोठी गोष्ट आहे. पण सब्र करणाऱ्यालाही झोप हवी असते.

आमच्या जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान सारेच आपले मनोरुग्ण तिथे घेऊन येतात. लोक रुग्णाकडे पाहतात. त्याचा हात धरून बसलेली आई घर, मजुरी, बाकीची लेकरे मागे ठेवून आलेली असते, ती कुणाला दिसत नाही.

दुआ आणि दवा यांचे भांडण नाही. साखळी मात्र दुआही नाही आणि दवाही नाही. तमिळनाडूत एर्वाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीला बंदी घातली. पण थकलेल्या घराला कुणी हात दिला नाही, तर साखळी सुटणार कशी?

मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा हाच आजार वर्षानुवर्षे सांभाळला. त्या अनुभवातून पुण्यात 'सा' ही संस्था उभी राहिली. तिथे रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसून आपले दुःख बोलतात. २००४ च्या 'देवराई' चित्रपटातही भावाला सांभाळणारी बहीण आहे.

पुणे दूर आहे. पण २०२२ पासून १४४१६ हा सरकारी 'टेली मानस' क्रमांक सुरू आहे. त्यावर मराठीत, मोफत बोलता येते, घरच्यांनाही.

आणि मोहल्ला तर जवळच आहे. इयादत सुन्नत आहे. ती करायला जाताना फळे जरूर न्या, पण दोन तासही न्या. रुग्णाजवळ तुम्ही बसा आणि त्याच्या आईला म्हणा, "आपा, तुम्ही जरा झोपा."